तीन हंगामांची आवक

मागच्या वर्षी जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, एका बुधवारी दुपारी, अक्षता मगदूम या संशोधक विद्यार्थिनीने ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात येऊन तीन आकड्यांचा मूळ आधार शोधून मागितला. आकडे कोल्हापूरच्या बाजारात तीन हंगामांत आलेल्या गुळाचे होते. पुढच्या बारा दिवसांत आधार सापडला. तो म्हणजे वीसहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका वृत्तपत्रातील तीन बातम्या होत्या आणि त्या बातम्या मी दिलेल्या होत्या. आकडे चुकीचे होते. प्रबंध सादर करण्याची मुदत मार्चअखेर संपत होती.

मी आधी आठ वर्षे वृत्तपत्रात बाजारपेठेचे पान पाहिले. नंतर ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली आणि कोल्हापुरातील एका ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात लागलो. बहुतेक काळ माझ्याकडे अर्थशास्त्राचे विद्यार्थी आणि प्राध्यापक येत. यंदा मे महिन्यात निवृत्त झालो.

हे काम नेमके काय असते, असे लोक विचारतात. पुस्तक काढून देणे हा त्याचा लहान भाग. अर्थशास्त्राच्या संशोधकाला पुस्तकापेक्षा आकडा लागतो, आणि आकडा एका जागी नसतो. जनगणनेचे खंड, जिल्ह्याची वार्षिक आकडेवारी, बँकांची पत्रके, समित्यांचे अहवाल, इंग्रजी नियतकालिके, बंद पडलेली मराठी त्रैमासिके, यांत तो विखुरलेला असतो. बराचसा मजकूर आता संगणकावर मिळतो. त्यातला काही पैसे भरल्याशिवाय उघडत नाही. काही उघडतो, पण ज्या पानावर तक्ता असावा तेच पान तिरके छापलेले असते. जे संगणकावर नाही, ते या जगात नाहीच, असे नव्या मुलांना वाटते. त्यांना तळमजल्यावरच्या कपाटापर्यंत चालवत नेणे हाही कामाचा भाग होता.

माणसे तऱ्हेतऱ्हेची येत. एक विद्यार्थी पेन ड्राइव्ह पुढे करून म्हणाला होता, "सर, इकॉनॉमीचा डाटा भरून द्या." कोणत्या देशाचा, असे विचारल्यावर तो थोडा विचार करून म्हणाला, "सगळाच द्या की. जागा हाय भरपूर." एका प्राध्यापकांनी निष्कर्षाचे प्रकरण आधी टंकून आणले होते आणि त्याला जुळतील एवढेच तक्ते त्यांना हवे होते. ते मिळाले नाहीत, तेव्हा ग्रंथालय अपुरे असल्याची लेखी तक्रार त्यांनी केली. अलीकडे संगणकाने रचून दिलेली संदर्भसूची घेऊन मुले येतात. लेखकाचे नाव खरे असते, नियतकालिक खरे असते, अंकही खरा असतो. त्या अंकात तो लेख नसतो. नाही म्हणून सांगितले की मुले आपल्याकडे संशयाने बघतात, आपण नीट शोधले नाही असे.

दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना एक तास दिला जाई. त्यात मी सांगत असे की आकडा सापडला म्हणजे काम संपले नाही. तो कोणी मोजला, कशासाठी मोजला आणि कशात मोजला, हे कळले पाहिजे. पोती, गाड्या, मण, क्विंटल, डोकी, कुटुंबे, यांतले काय ते कळले नाही तर आकडा वापरू नये. हा तास एकवीस वर्षे घेतला.

अक्षता मगदूम हातकणंगल्याजवळच्या गावातील. हातकणंगल्यातच एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होत्या. वडिलांचे पूर्वी गूळ करण्याचे गुऱ्हाळ होते. प्रबंधाचा विषयही तोच: जिल्ह्यातील गुऱ्हाळ व्यवसायाची घसरण. सहा वर्षे काम चालले होते. मुदतवाढ एकदा मिळाली होती, दुसरी मिळणार नव्हती. प्रबंध वेळेत गेला नाही तर नाव रद्द होऊन नव्याने नोंदणी करावी लागली असती. महाविद्यालयात एक पूर्णवेळ जागा भरायची होती आणि तिला पदवीची अट होती.

प्रबंधाचे चौथे प्रकरण एका विसंगतीवर उभे होते. गुऱ्हाळे कमी होत असताना तीन हंगामांत बाजारातील आवक वाढलेली दिसत होती. त्यावरून त्यांनी मांडले होते की उरलेली गुऱ्हाळे अधिक कार्यक्षम झाली. मार्गदर्शक मॅडमना हे प्रकरण सर्वांत आवडले होते. प्रबंधात नवे म्हणावे असे तेवढेच होते.

शंका वडिलांनी काढली. मुलीने जेवताना प्रकरणाचा सारांश सांगितला, तेव्हा ते म्हणाले, "कागद काय म्हणतोय ते ऱ्हाऊ दे. त्या तीन सालात आपल्या शिवारातली गुऱ्हाळं एकामागनं एक बंद पडली. मग गूळ आला कुठनं?"

अक्षतांनी हे मला जसेच्या तसे सांगितले आणि म्हणाल्या, "सर, आण्णांचं बरोबर नसंलही. ते आपल्या शिवाराचं बोलत्यात. पण हा आकडा खरा हाय का, एवढं बघायचंय."

त्यांच्या तक्त्याखाली आधार म्हणून पुण्याच्या एका त्रैमासिकातील लेखाचे नाव होते. इतर सर्व हंगामांचे आकडे बाजाराच्या वार्षिक अहवालांतून घेतलेले होते. या तीन हंगामांचे अहवाल आमच्याकडे नव्हते आणि मी विचारलेल्या कोणत्याही ग्रंथालयात मिळाले नाहीत. अहवालांमागच्या बाजारातील मूळ नोंदवह्या ठरावीक वर्षांनी निकाली काढण्याचा नियम असतो. त्या नियमाप्रमाणे त्या निघाल्या होत्या.

त्रैमासिकाचा तो अंक संगणकावर नव्हता. पुण्यातील एका ग्रंथपाल मैत्रिणीने पानाचा फोटो काढून पाठवला. लेखात तळटीप होती. ती एका पुस्तिकेकडे बोट दाखवत होती. पुस्तिका इचलकरंजीकडच्या एका अभ्यासमंडळाने छापलेली होती. मंडळ आता नाही. प्रत आमच्याच स्थानिक संग्रहात, पाठीवर नाव नसल्यामुळे चुकीच्या जागी लागलेली मिळाली. तिच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिले होते की गुळाचे आकडे वृत्तपत्रावरून घेतले आहेत. पुढे वृत्तपत्राचे नाव होते.

वृत्तपत्राच्या बांधीव फायली तळमजल्यावर होत्या. हंगाम संपतो त्या महिन्याचे अंक चाळले. पहिल्या वर्षीची बातमी दोन कॉलमी होती. मथळा, गुळाच्या आवकेत वाढ. खाली, आमच्या प्रतिनिधीकडून. आकडा क्विंटलमध्ये होता आणि त्याला दशांशचिन्ह होते. पुढच्या दोन वर्षांच्या बातम्याही तशाच होत्या. त्या वर्षांत त्या वृत्तपत्राचा मार्केट यार्डाचे काम पाहणारा प्रतिनिधी एकच होता.

अक्षता शेजारी उभ्या होत्या. त्यांनी मोबाइलवर फोटो काढले. म्हणाल्या, "सापडलं की, सर. आता सरळ याचीच तळटीप देते."

मी सांगितले की बातमी हा आधार नाही, बातमीदाराला आकडा कोणी दिला ते कळले पाहिजे. बातमीदार कोण, ते सांगितले नाही. बातमीवर नाव नव्हते, आणि त्या वेळच्या कार्यालयातील माणसे आता इकडेतिकडे पांगली होती. मी बोललो नसतो तर ते कोणाला कळण्याचा मार्ग नव्हता. बातमीदार मीच होतो, हे दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून सांगितले. एक दिवस उशीर झाला, त्याची नोंद इथे करतो.

त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्हीच की. मग आकडा बरोबरच असंल न्हवं? तुम्ही लिहिलाय म्हटल्यावर."

माहीत नाही, असे उत्तर मी दिले.

आकडे मला यार्डातील एका अडत दुकानाचे दिवाणजी देत. अडत दुकान म्हणजे शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला विकून देणारे दुकान. दिवाणजी म्हणजे तिथला कारकून. हे दिवाणजी रोज सौदे संपल्यावर साऱ्या पेठेत किती माल आला त्याचा हिशेब हौसेने ठेवत. हंगामभर रोज संध्याकाळी मी कार्यालयातून त्यांना फोन करी. ते आकडा सांगत, मी लिहून घेई, ते फोन ठेवत. समोरासमोर भेट चार-पाच वेळांपेक्षा जास्त झाली नसेल. चौकशी केल्यावर ते कसबा बावड्यात मुलाकडे असल्याचे कळले. वय ऐंशीच्या पुढे. कान चांगले.

रविवारी सकाळी आम्ही दोघे गेलो. साखर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता भरला होता, त्यामुळे शेवटचा टप्पा चालावा लागला. दिवाणजी घराच्या पुढच्या सोप्यात खुर्चीवर बसले होते. मी नाव सांगितले. त्यांनी नावाकडे लक्ष दिले नाही, आवाजावरून ओळखले.

"फोनवालं पावणं," ते म्हणाले. "बसा. लई वर्सांनी आकडा मागाय आलासा."

चहा झाला. अक्षतांनी गाव सांगितले, वडिलांचे नाव सांगितले. मगदुमांचा गूळ त्यांना आठवत होता. पिवळा धमक, पण ओलसर, अशी त्यांनी पावती दिली. अक्षता हसल्या. मग त्यांनी तिन्ही बातम्यांचे फोटो मोबाइलवर मोठे करून दाखवले. दिवाणजींनी चष्मा लावून पहिला आकडा वाचला, पुन्हा वाचला, आणि हे काय लिहिलंय म्हणून मला विचारले.

क्विंटल, असे मी सांगितले.

"आमी क्विंटल कवा सांगितलं? आमी रवं सांगायचो."

इथे थोडा खुलासा लागतो. काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, शिजवलेला गूळ साच्यात ओतून त्याची ढेप करतात, तिला आमच्याकडे रवा म्हणतात. कोल्हापुरात रवा म्हणजे तीस किलो, हे लहान मुलालाही माहीत असे. यार्डात आवक रव्यांत मोजत. बाहेरगावच्या वाचकाला रवा कळणार नाही, म्हणून संपादकांनी क्विंटलमध्ये लिहिण्याचा नियम केला होता. मी रोजचे रवे एकत्र करी, तिसाने गुणी आणि शंभराने भागी. दशांशचिन्ह तिथून आले होते. आकड्याला दशांश दिला की बातमी अधिक खात्रीची दिसते, असे त्या वयात वाटत होते.

मी दिवाणजींना तसे सांगितले.

"रवा तीस किलोचा, हे खरंच हाय की," ते म्हणाले. "पर त्या सालात गुजरातचं व्यापारी बारका माल मागाय लागलं. धा किलोचं रवं निघालं. काहींनी पाच किलोचं बी केलं. ते बी रवंच. आमी सगळं मिळून मोजायचो."

मी विचारले की हे तेव्हा सांगितले का नाही.

"तुमी किती ते इचारलासा," दिवाणजी म्हणाले. "केवढं ते इचारलं न्हाई."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. सुनेला त्यांनी आणखी चहा टाकायला सांगितला.

अक्षतांनी वहीत लिहून घेतले. मग त्यांनी विचारले, की लहान रवे किती असतील, अंदाजाने. दिवाणजींनी बोटांवर हिशेब केला. तिसरा हिस्सा असेल, पहिल्या साली कमी असेल, तिसऱ्या साली निम्मेही असतील, असे ते म्हणाले, आणि नंतर स्वतःच हात हलवला. "पोरी, ह्ये तोंडचं झालं. त्याच्यावर लिवू नगो."

तीनच हंगाम का, याचेही उत्तर त्यांच्याकडे होते. त्यानंतर मोठा आणि लहान माल वेगळा मोजण्याची पद्धत पडली आणि नोंदी वजनावर आल्या. त्याच सुमारास मी वृत्तपत्र सोडले. पद्धत बदलल्याचे माझ्यापर्यंत आले नाही.

परत आल्यावर बातम्यांतले तिन्ही आकडे मी किलोत करून तिसाने भागले. तिन्ही वेळा उत्तर पूर्ण संख्येत आले. रवे सरसकट तिसाने गुणले होते, याबद्दल शंका उरली नाही.

मार्गदर्शक मॅडमनी सर्व शांतपणे ऐकून घेतले. त्यांचे म्हणणे दोन भागांत होते. पहिले, दिवाणजींचा अंदाज धरून आकडे दुरुस्त करावेत. एकतृतीयांश माल लहान धरला तर वाढ कमी होते, पण पूर्ण जात नाही, आणि चौथे प्रकरण वाचते. अशा दुरुस्त्या अर्थशास्त्रात होतात, तळटीप देऊन होतात, आणि हे त्यांचे म्हणणे खरे होते. दुसरे, आकडे टाकूनच द्यायचे असतील तर त्याला छापील आधार हवा. पुण्याच्या त्रैमासिकात आलेला आकडा एका निवृत्त दिवाणजीच्या आणि ग्रंथालयातल्या माणसाच्या तोंडी सांगण्यावरून नाकारला, असे बाहेरचे परीक्षक मान्य करणार नाहीत. मुदतीला सात आठवडे उरले होते.

अक्षता संदर्भ विभागात आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. बराच वेळ त्यांनी तक्त्याचा कागद उलटसुलट केला.

"एक तृतीयांश लिहिलं तर कुणाला कळणार नाही, सर," त्या म्हणाल्या. "मॅडमपण हो म्हणतात. आण्णांना तर तक्ता वाचताच येत नाही."

मी सांगितले की अंदाज लिहिणे चूक नाही, मात्र तो अंदाज आहे हे लिहावे लागेल.

"आणि पुढच्यानं तळटीप गाळली तर?"

त्यांनी तक्ता टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "आण्णांनी गुऱ्हाळ बंद केलं तेव्हा मी नववीत होते. काहील विकली त्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही. आणि मी लिहिणार, त्या साली आवक वाढली. छापील आधार तुम्ही देता का?"

वृत्तपत्राचे सध्याचे संपादक माझ्या वेळी नवे उपसंपादक होते. मी त्यांना भेटून खुलासा छापण्याची विनंती केली. त्यांनी ती थट्टा समजली. वीस वर्षांपूर्वीच्या गुळाचा खुलासा कोण वाचणार, असे त्यांनी विचारले. एक बाई वाचणार आहेत, त्यांना तो छापील लागतो, असे मी सांगितले. मग त्यांना त्यात एक लेख दिसला. जुना बातमीदार, जुना बाजार, सोबत गुळाचा फोटो, रविवारच्या पुरवणीत अर्धे पान. मला दोन वाक्ये हवी होती, बाजारभावाच्या पानावर, तारखांसह.

"तुम्ही होता तेव्हा बातमी मोठी द्या म्हणून भांडायचा," संपादक म्हणाले. "आता खुलासा बारका द्या म्हणून भांडताय."

त्यांची एक अट होती. चूक वृत्तपत्राची नव्हे तर प्रतिनिधीची, हे नावानिशी यावे. ती रास्त होती. खुलासा फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, बाजारभावाच्या तक्त्याखाली छापून आला. तीन बातम्यांच्या तारखा, रव्यांचे वजन सरसकट तीस किलो धरल्याची कबुली आणि माझे नाव, एवढा मजकूर होता. त्या दिवशी दोन फोन आले. एक जुन्या सहकाऱ्याचा. त्याला वाटले, माझ्यावर कोणी दावा लावला आहे. दुसरा दिवाणजींच्या सुनेचा. मामंजींनी तो मजकूर दोनदा वाचून घेतला आणि आपले नाव का नाही, असे विचारले, असे तिने सांगितले.

एकवीस वर्षांत मी कितीतरी जणांना आकडे शोधून दिले. त्यांतले किती कोणा बातमीदाराने टेलिफोनवर घेतलेले होते, ते सांगता येत नाही. त्या सर्वांकडे परत जाता येणार नाही. आठ वर्षांच्या नोकरीत मी स्वतः किती आकडे छापले, त्यांचीही यादी नाही. निवृत्तीपूर्वीच्या महिन्यांत फायली काढून बाजारभावाच्या पानावरच्या काही बातम्या तपासल्या. दोन ठिकाणी शंका आली. त्या पानांत खुणेचे कागद घालून ठेवले आहेत.

अक्षतांनी चौथे प्रकरण काढून टाकले. नवे प्रकरण पाच आठवड्यांत लिहिले. त्यासाठी त्या हातकणंगले आणि करवीर तालुक्यांत फिरून बंद गुऱ्हाळांच्या मालकांना भेटल्या. पहिली मुलाखत वडिलांची घेतली. त्यांनी मुलीला सांगितले की दुसऱ्यांना विचारशील तसंच मला विचार, घरातला म्हणून सोडू नकोस. प्रबंधाचा निष्कर्ष बदलला. उरलेली गुऱ्हाळे अधिक कार्यक्षम झाली की नाही, हे उपलब्ध माहितीवरून ठरवता येत नाही, असे त्यांनी लिहिले. मॅडमनी सही केली. सही करताना त्या म्हणाल्या की आधीचे प्रकरण अधिक चांगले वाचले जात होते.

प्रबंध मुदतीच्या दोन दिवस आधी सादर झाला. ऑगस्टमध्ये तोंडी परीक्षा झाली. बाहेरच्या परीक्षकांनी तक्त्यातील तीन कोऱ्या रकान्यांबद्दल विचारले. छापील आकडे उपलब्ध असताना ते का भरले नाहीत, असा प्रश्न होता. अक्षतांनी खुलाशाचे कात्रण पुढे ठेवले आणि दिवाणजींचे म्हणणे सांगितले. परीक्षकांनी ते कात्रण आपल्याजवळ ठेवून घेतले. पदवीची अधिसूचना ऑक्टोबरमध्ये निघाली. महाविद्यालयातील जागा अजून भरलेली नाही.

यंदा मार्चमध्ये, माझ्या निवृत्तीच्या दोन महिने आधी, गुळाच्या व्यापारावरील आणखी एक प्रबंध ग्रंथालयात दाखल झाला. त्यात ते तीन आकडे आहेत. आधार म्हणून पुण्याच्या त्रैमासिकाचे नाव दिले आहे.